तणनाशके वाहून नेणारे मातीचे कण

शेतात फवारलेले तणनाशक भूजलापर्यंत कसे पोहोचते, याचा विचार बराच काळ दोनच शक्यतांभोवती फिरत होता. ते पाण्यात विरघळले तर पाण्याबरोबर खाली झिरपते. मातीला चिकटले तर वरच्या थरातच राहते. ज्या कणाला ते चिकटले तो कणच वाहून जाऊ शकतो, ही तिसरी शक्यता विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत नीट अभ्यासली गेली.

मातीच्या धारणशक्तीचा अभ्यास इंग्लंडमध्ये सुरू झाला. यॉर्कशरमधील शेतकरी एच. एस. थॉम्पसन यांच्या निरीक्षणांवरून रसायनशास्त्रज्ञ जॉन थॉमस वे यांनी प्रयोग केले आणि १८५० मध्ये निष्कर्ष मांडले. अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून गाळले असता अमोनिया मातीत अडकत होता आणि खाली कॅल्शियम सल्फेट उतरत होते. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो व धनभारित आयन त्यांना धरून राहतात, हा त्यामागचा खुलासा पुढे झाला. अशा कणांपैकी १ नॅनोमीटर ते १ मायक्रोमीटर आकाराच्या कणांना कलिल म्हणतात. ते इतके बारीक असतात की पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात, आणि वजनाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ प्रचंड असते.

पाण्याच्या वाटांकडे लक्ष वेधले ते इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या संशोधकांनी. तेथे १८७० मध्ये न हलवलेल्या मातीचे निचरामापक बांधले गेले. लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी १८८२ मध्ये नोंदवले की पावसाचे काही पाणी मातीत न मुरता मोकळ्या वाटांनी थेट खाली उतरते. गांडुळांची बिळे, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या आणि सुकलेल्या जमिनीतील भेगा या त्या वाटा. दख्खनच्या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असल्याने उन्हाळ्यात अशाच खोल भेगा पडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक तणनाशकांचा वापर झपाट्याने वाढला. १९५८ च्या सुमारास अ‍ॅट्राझीन, १९६२ मध्ये पॅराक्वाट आणि १९७४ मध्ये ग्लायफोसेट बाजारात आले. अ‍ॅट्राझीन मातीला बेताचेच चिकटते. पॅराक्वाट धनभारित असल्याने चिकणमाती त्याला घट्ट पकडते, तर ग्लायफोसेट लोह व अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना बिलगते. म्हणून ही दोन्ही औषधे जागची हलणार नाहीत, असे मानले गेले.

या समजाला १९८३ मध्ये विंटेन, यारोन आणि नाय यांनी धक्का दिला. तरंगत्या कणांना चिकटलेले पॅराक्वाट आणि डीडीटी मातीच्या स्तंभातून खाली जाऊ शकतात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. १९८९ मध्ये मॅकार्थी आणि झकारा यांनी प्रदूषकांच्या भूगर्भीय वहनात कलिलांचे स्थान विस्ताराने मांडले. सर्वांत ठळक पुरावा शेतीबाहेरचा होता. अमेरिकेतील नेवाडा चाचणी क्षेत्रात १९६८ च्या अणुस्फोटातील प्लुटोनियम कलिलांवर बसून १.३ किलोमीटर सरकल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे वहन तीन गोष्टींवर अवलंबून असते. पावसाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने कणांमधले परस्पर प्रतिकर्षण वाढते आणि ढेकळांतून बारीक कण सुटतात. थेंबांचा मारा आणि नांगरट त्यात भर घालतात. मग त्या कणांना मोकळी वाट मिळावी लागते, अन्यथा ते बारीक छिद्रांत अडकतात. शिवाय औषधाची पकडही टिकली पाहिजे. म्हणून अ‍ॅट्राझीनसारखी औषधे बहुतांशी विरघळूनच जातात, आणि घट्ट चिकटणाऱ्या औषधांच्या बाबतीत कणांचा वाटा महत्त्वाचा ठरतो. फवारणीनंतर लवकरच जोरदार पाऊस झाला, तर धोका सर्वाधिक असतो.

या ज्ञानामुळे मोजणीची पद्धतही तपासावी लागली. निचऱ्याचे पाणी गाळून तपासले तर गाळणीवर राहिलेल्या कणांवरचे तणनाशक हिशेबातून सुटते. त्यामुळे विरघळलेला आणि कणांवरचा भाग वेगवेगळा मोजणे आवश्यक ठरले. एखादे औषध भूजलाला सुरक्षित आहे की नाही हे ठरवताना ते मातीला किती चिकटते एवढे पाहून भागत नाही. ती माती स्वतः किती स्थिर आहे, हेही पाहावे लागते.