रोझाबाई नेमके काय म्हणत होत्या?

१९१७ सालचा डिसेंबर महिना. त्या वेळी जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाउ शहरातला तुरुंग. तिथे आघाडीवरून लष्करी गाड्या येत. गाड्यांत शिपायांचे रक्ताने डागळलेले कोट नि सदरे. ते कैद्यांनी सांधून परत पाठवायचे. एके दिवशी गाडीला रेडे जुंपलेले होते, लढाईत रुमानियातून धरून आणलेले. ओझे इतके, की गाडी फाटकाचा उंबरठा चढेना. शिपाई चाबकाच्या दांड्याने त्यांना बडवीत सुटला. रेड्याचे कातडे केवढे जाड असते ते तुम्हांला मी काय सांगावे! पण ते फुटले, रक्त आले. पहारेकरणीने दटावले, तर शिपाई म्हणतो, आम्हां माणसांची तरी कुणाला दया येते?

एका कैदी बाईने हे सारे पत्रातून आपल्या मैत्रिणीला कळवले. त्या मुक्या जनावरापुढे तिच्याही डोळ्यांना पाणी आले होते. बाईचे नाव रोझा लक्झेंबर्ग, आणि तिचे विरोधक तिला म्हणत ‘रक्तपिपासू रोझा’.

रोझाबाईंचा जन्म १८७१ सालचा, रशियाच्या अमलाखालच्या पोलंडातला, ज्यू घरातला. झुरिचला १८९७ मध्ये डॉक्टर झाल्या, मग जर्मनीच्या समाजवादी चळवळीत आल्या. महायुद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात गेल्या.

विरोधकांचे एक सोडा. पण स्वतःला क्रांतिकारक म्हणवणाऱ्यांनीही बाईंवर ठपका ठेवला, की यांना संघटना नको, लोक आपोआप उठतील असे या समजतात. आता हे खरे कसे मानावे? याच बाई १९०७ पासून बर्लिनमध्ये पक्षाच्या शाळेत कार्यकर्त्यांना अर्थशास्त्र शिकवीत होत्या! १९०५ चे रशियातले संप पाहून त्यांनी जे लिहिले ते एवढेच, की असा संप कचेरीतून हुकूम सोडून होत नसतो. लढता लढताच लोक शहाणे होतात. विहिरीच्या काठावर बसून कुणी पोहायला शिकला आहे का?

म्हणूनच १९१८ मध्ये तुरुंगात बसून त्यांनी रशियन क्रांतीचे स्वागत केले आणि त्याच लेखात बजावले, की वर्तमानपत्रे, सभा, निवडणुका बंद कराल तर कारभार मूठभरांच्या हाती जाईल. सरकारच्या बाजूच्यांनाच बोलू दिले तर त्याला स्वातंत्र्य म्हणायचे नाही. वेगळे मत असणाऱ्याला ते हवे.

बाईंचे सगळेच पटते असे नाही, बरे का. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या गावांची सामाईक जमीन मोडली, हे त्यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या कळकळीने मांडले. पण रशियात शेतकऱ्याला जमीन वाटून दिली, ते मात्र त्यांना रुचले नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्याला स्वतःचा तुकडा मिळाला म्हणजे काय वाटते, हे त्यांना उमगले नाही, असे मला वाटते.

१९१८ च्या अखेरीस जर्मन कम्युनिस्ट पक्ष निघाला. निवडणूक लढवावी असे रोझाबाईंनी त्या सभेत परोपरीने सांगितले. लोकांनी ऐकले नाही; ६२ मते विरुद्ध, २३ बाजूने. ती निवडणूक १९ जानेवारी १९१९ रोजी झाली. जर्मन स्त्रियांनी त्या देशाच्या निवडणुकीत मत दिले ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्याआधी चारच दिवस, बर्लिनमधला उठाव मोडून काढताना, सैनिकांनी रोझाबाईंना पकडून ठार केले आणि प्रेत कालव्यात फेकले. ते सापडले मे महिन्याच्या शेवटी. तुरुंगातला तो लेख छापून निघाला १९२२ साली.