बटणापासून पडद्यापर्यंत: एका उशिराची कुळकथा

मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेम्सचा गेम चालतो तेव्हा पडद्यावरचं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं. ब्लूटूथ कंट्रोलरचं बटण दाबलेलं फोनला ५० मिलिसेकंदांनी कळलं, तर तेवढ्यात तीन चित्रं निघून गेलेली असतात. पास हुकतो, गाडी वळणावर कठड्याला धडकते आणि खेळणारा वैतागून म्हणतो, ‘लॅग मारतंय.’ मग कोणीतरी फोन रूट करतं, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवतं, आणि सिस्टीमच्या फाइली उघडून त्यातले आकडे बदलतं. या खटपटीचं मूळ शोधायला गेलं की कंट्रोलर बाजूलाच राहतो आणि आपण बॅटरीपाशी येऊन पोहोचतो.

१९९४ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत, याप हार्टसेन या डच अभियंत्याने कमी पल्ल्याच्या रेडिओवर काम सुरू केलं. फोन आणि हेडसेट यांच्यामधली वायर काढून टाकायची, एवढाच हेतू होता. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या आणि पुढच्याच वर्षी ब्लूटूथचं पहिलं मानक जाहीर झालं. या रेडिओची रचना आजही थक्क करते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ चॅनेलांवर तो सेकंदाला १६०० उड्या मारतो. म्हणजे एका चॅनेलवर जेमतेम ६२५ मायक्रोसेकंद. इतक्या चपळ रेडिओला उशीर व्हायचं कारणच नाही.

उशीर होतो तो त्याला मुद्दाम झोपवल्यामुळे. बॅटरी वाचावी म्हणून ‘स्निफ’ नावाची सोय मानकातच दिलेली आहे. दोन्ही यंत्रं एक अंतर ठरवून घेतात आणि तेवढ्या अंतरानेच एकमेकांची विचारपूस करतात. एसटी नुकतीच सुटलेली असेल, तर पुढची येईपर्यंत थांब्यावर उभं राहावं लागतं, बटणाचंही तसंच. म्हणूनच लॅग कधी जाणवतो, कधी नाही. खेळणाऱ्याचा हात बसत नाही तो या अनिश्चितपणामुळे. ठरावीक उशिराची माणसाला सवय होते, बदलत्या उशिराची होत नाही.

२००३ मध्ये कीबोर्ड, माउस यांसारख्या यंत्रांसाठी ब्लूटूथचं वेगळं प्रोफाइल आलं आणि २००६ मध्ये निन्टेंडो वी आणि प्लेस्टेशन ३ यांनी ब्लूटूथ थेट खेळणाऱ्याच्या हातात दिलं. तिथे कन्सोल आणि कंट्रोलर एकाच कंपनीचे, त्यामुळे दोघांचं जमलं. फोनवर मात्र कंट्रोलर एकाचा, चिप दुसऱ्याची आणि सॉफ्टवेअर तिसऱ्याचं.

सिस्टीम फाइलींत हात घालण्याच्या प्रथेत प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरचा मोठा वाटा आहे. हा कंट्रोलर नेहमीच्या पद्धतीने पेअर होतच नाही. त्याला आपल्या कन्सोलचा ब्लूटूथ पत्ता पाठ असतो आणि हाक मारायची ती त्यालाच. म्हणून हौशी पोरांनी तो केबलने संगणकाला जोडला, त्यात कन्सोलच्या जागी फोनचा पत्ता लिहिला आणि ती हाक ऐकता यावी म्हणून फोन रूट केला. कोणी शिकवलेलं नसताना एवढं शोधून काढणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

२०११ मध्ये अँड्रॉइड ३.१ ने गेमपॅडला अधिकृत दार उघडलं. तेव्हापासून फोनच्या ‘कीलेआउट’ फोल्डरमधल्या फाइलींशी खेळणाऱ्यांची ओळख झाली. फाइलीच्या नावात कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांक असतो. आत ‘की ३०४ बटन ए’, ‘की ३०५ बटन बी’ अशा साध्या ओळी. लॅग घालवण्यासाठी पुष्कळ जण हीच फाइल बदलतात, पण तिने लॅग जात नाही. कुठलं बटण म्हणजे काय, एवढंच ती सांगते. ए दाबल्यावर बी चालत असेल तर तिचा उपयोग. बटण उशिरा पोहोचत असेल तर नाही.

वेळेचे आकडे असतात ब्लूटूथच्या सॉफ्टवेअरमध्ये. सुरुवातीला अँड्रॉइड लिनक्सचं ब्लूझी वापरत असे. २०१२ मध्ये, ४.२ आवृत्तीत, त्याच्या जागी ब्रॉडकॉमकडून आलेलं सॉफ्टवेअर बसवलं गेलं आणि तोवर सुरळीत चालणारा वीचा रिमोट अनेकांच्या फोनवर बंद पडला. पुढे कमी ऊर्जेचं ब्लूटूथ आलं. त्याचं मूळ नोकियाच्या २००६ च्या ‘वायब्री’त. घड्याळं, सेन्सर अशा बटणाएवढ्या सेलवर चालणाऱ्या वस्तूंसाठी ते घडवलेलं, २०१० मध्ये ते ब्लूटूथ ४.० मध्ये सामावलं गेलं. यात भेटीचं अंतर १.२५ मिलिसेकंदांच्या पटीत मोजतात. मूळ मानकात किमान सहा पट, म्हणजे ७.५ मिलिसेकंद चालतात. लिनक्समध्ये मात्र आरंभीचं अंतर २४ ते ४० पट, म्हणजे ३० ते ५० मिलिसेकंद धरलेलं आहे. कंट्रोलर या ब्लूटूथवर असेल, तर तीन चित्रांपर्यंतचा उशीर येतो तो इथून. लिनक्सच्या संगणकावर हा २४ बदलून ६ करणं हे एका फाइलीतलं काम. अँड्रॉइडवर मात्र असे आकडे बहुधा लायब्ररीत कंपाइल झालेले असतात, त्यामुळे ती लायब्ररीच नव्याने बांधून बसवावी लागते. शिवाय अँड्रॉइड १० पासून अनेक फोनांवर सिस्टीमच्या विभागात लिहिताच येत नाही. म्हणून मूळ फाइलीला धक्का न लावता तिच्यावर दुसरी पांघरणारं, जॉन वू यांचं मॅजिस्क हे साधन वापरतात.

पण उशीर फक्त आकड्यांमुळे होत नाही, आजूबाजूच्या गर्दीमुळेही होतो. उदाहरणार्थ, सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा विचार करा. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरत-बारडोली रस्ता इथे छेदतो. आजूबाजूला कापडाच्या मिला, आणि ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून सुरतेकडे पोटापाण्यासाठी आलेली मराठी माणसं या पट्ट्यात जुनीच. अशा कामगार वस्तीत खोलीला खोली लागून, आणि खोलीगणिक फोन, हॉटस्पॉट, ब्लूटूथ स्पीकर. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून ही साधनं इतकी स्वस्त आणि सर्रास झाली. आणि त्याच पट्ट्यात आता सगळ्यांची दाटी आहे. गजबजलेले चॅनेल टाळून उडी मारण्याची युक्ती ब्लूटूथला २००३ पासून येते, पण सगळीकडेच गर्दी असेल तर ती जाणार कुठे? त्यातून वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक फोनांत एकाच चिपवर असतात आणि आळीपाळीने बोलतात. अशा ठिकाणी फाइलीतल्या आकड्यापेक्षा २.४ चा हॉटस्पॉट बंद करण्याने जास्त फरक पडू शकतो.

रूट केल्यावर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, बँकांची काही ॲप्स उघडत नाहीत आणि एक चुकीची फाइल फोन सुरूही होऊ देत नाही. म्हणून पगार, गॅसचा नंबर आणि यूपीआय ज्या फोनवर आहे, त्याला हात लावू नका. कंट्रोलर केबलवर चालत असेल तर आधी ओटीजी केबलने जोडून खेळून पाहा. तरीही लॅग राहिला, तर दोष गेमचा, पडद्याचा किंवा फोनच्या ताकदीचा आहे, ब्लूटूथचा नव्हे. केबलने लॅग गेला, तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या. एवढं करूनही भागलं नाही, तर घरात पडून असलेला जुना फोन घ्या, मूळ फाइलींची प्रत काढून ठेवा आणि मगच आकडे बदला.