मानेवरचा हलका हात : सुश्रुतापासून गारगोटीपर्यंत

१/ वेदगंगेच्या काठी वसलेली गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य गाव. या डोंगराळ मुलखात पाण्याची घागर, वैरणीचा भारा, सरपणाची मोळी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चुंबळीवरून मानेनेच वाहिले. आज मोबाइलवर ‘मानेच्या वरच्या मणक्यांवर हलक्या हाताने उपचार’ करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या आहेत. या हलक्या हाताचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/ मानेच्या पहिल्या मणक्याला शरीरशास्त्रात ‘ॲटलस’ म्हणतात. ग्रीक पुराणकथेत आकाश खांद्यावर पेलणारा तो ॲटलस. आपल्याकडे पृथ्वी पेलणारा शेष. हा मणका अंगठीसारखा असून दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यातील सुमारे निम्मी हालचाल येथेच होते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्याही याच मणक्यावरून वळसा घेऊन कवटीत शिरतात.

३/ या जागेचे नाजूकपण प्राचीन भारतीय वैद्यांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत मस्तक आणि मान यांच्या सांध्यावर ‘कृकाटिका’ नावाची दोन मर्मे सांगितली आहेत. तेथे आघात झाल्यास डोके स्थिर राहत नाही, असा इशारा आहे. ग्रंथात मानेची हाडे नऊ मोजली आहेत, आधुनिक गणनेत मणके सात. गणना जुळत नाही, पण धोक्याची जागा अचूक हेरली आहे.

४/ उपचार त्याहून उद्‌बोधक आहे. मान वळली वा आत दबली असेल तर वैद्याने मानेची मागची बाजू व दोन्ही जबडे धरून रुग्णाला वर उचलावे, सारख्या पट्ट्या लावून वस्त्राने बांधावे आणि सात रात्री उताणे निजवावे. यात झटका नाही, पिरगळणे नाही. ताण, आधार आणि विश्रांती एवढेच आहे.

५/ ग्रंथाबाहेर ही विद्या हातांतून हातांत गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयाने कोल्हापूर ही मल्लविद्येची पंढरी झाली. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा हात आधी मानेवर पडतो. त्यामुळे मान कमावणे आणि दुखावलेली मान तेलाने चोळून मोकळी करणे, दोन्ही तालमीच्या शिक्षणाचाच भाग ठरले.

६/ गावात हाडवैद्य होता, न्हाव्याच्या दुकानात चंपी होती. पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची समजूतही होती. यातील काही अनुभवसिद्ध, काही निव्वळ श्रद्धा. त्यांना वेगळे करणारी कसोटी मात्र कोणाजवळ नव्हती.

७/ इंग्लंडचे चित्र निराळे नव्हते. १८६७ मध्ये जेम्स पॅजेट या नामांकित शल्यचिकित्सकाने हाडे बसवणाऱ्यांना कोणते रुग्ण बरे करता येतात, यावर व्याख्यान दिले. त्यांच्याकडून होणारे नुकसान त्याने दाखवलेच. पण त्यांच्याजवळ जे चांगले आहे ते डॉक्टरांनी शिकून घ्यावे, असेही बजावले.

८/ १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर याने कायरोप्रॅक्टिकची स्थापना केली. हार्वे लिलार्ड या सफाई कर्मचाऱ्याच्या पाठीचा मणका दाबताच त्याचे बहिरेपण गेले, असा त्याचा दावा होता. श्रवणाची नस मात्र कवटीतूनच मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्याशी तिचा संबंध नाही.

९/ परवान्याविना उपचार केल्याबद्दल १९०६ मध्ये पामर तुरुंगात गेला. त्याचा मुलगा बी. जे. पामर याने १९३० च्या दशकात सारे लक्ष मानेच्या वरच्या मणक्यांवर केंद्रित केले. सर्व व्याधींची किल्ली तेथेच आहे, अशी त्याची धारणा होती.

१०/ १९४७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मानेच्या अशा हाताळणीनंतर झालेल्या मृत्यूंची नोंद आली. जोराने पिरगळल्यास वर उल्लेखिलेल्या धमनीचे अस्तर फाटू शकते. असे क्वचितच घडते. पण घडले तर पक्षाघात होऊ शकतो.

११/ मान ‘कडकन’ वाजवण्याऐवजी अत्यल्प दाब देणाऱ्या पद्धतीही याच शतकात रूढ झाल्या. राल्फ ग्रेगरी यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये मिशिगन राज्यात तिची एक संघटना उभी राहिली. २००७ मध्ये तिच्या पद्धतीने रक्तदाब घटल्याचा अभ्यास गाजला. पण त्यात रुग्ण होते अवघे ५०. मानदुखीत हस्तोपचाराने काहींना आराम पडतो. त्यापलीकडच्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही.

१२/ भारतात हस्तोपचाराला शास्त्रीय शिक्षणाची जोड मिळाली ती भौतिकोपचारातून. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्याचे विद्यालय सुरू झाले. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात भौतिकोपचाराला स्थान आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात नाही. म्हणजे मानेवर हात ठेवणाऱ्याची पात्रता तपासण्याचा भार रुग्णावरच पडतो.

१३/ त्याच दशकात गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या संस्थापकांपैकी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सर्वांसाठी आरोग्य’ या अहवालातही मोठा वाटा होता. आरोग्यसेवा शहरी रुग्णालयांत अडकून न राहता गावात, लोकांच्या सहभागाने उभी राहावी, हे त्याचे सूत्र.

१४/ मानेच्या इतिहासालाही तेच सूत्र लागू पडते. रुग्णालय दूर असते तेव्हा माणूस जवळच्या हाताकडे जातो. हाडवैद्य टिकला तो यामुळेच. म्हणून त्या हाताला हिणवण्यापेक्षा प्रशिक्षित भौतिकोपचार तालुक्याच्या गावी, परवडणाऱ्या दरात मिळणे अधिक मोलाचे.

१५/ तोवर एवढे ध्यानात ठेवावे : मानदुखीसोबत बोलणे अडखळणे, तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे किंवा हातापायांत बळ न राहणे यांपैकी काहीही जाणवले तर मान कोणाच्याही हाती न देता थेट रुग्णालय गाठावे. आणि ज्याच्या हाती द्यायची, त्याला ती झटक्याने फिरवू देऊ नये.

(धागा समाप्त)