गन सेफचं फिंगरप्रिंट लॉक : दुसऱ्याच्या बोटाने उघडतं का, ते आधी बघा

अमेरिकेत घरी बंदूक ठेवणारे बरेच जण पलंगाशेजारी किंवा कपाटात एक छोटी तिजोरी ठेवतात. तिला म्हणतात गन सेफ. गरज पडली तर पटकन उघडावी, पण पोरांच्या हाती लागू नये, या दोन्ही गोष्टी फिंगरप्रिंट लॉकने साधतील असं वाटतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे ६१,००० सेफ परत मागवल्याचं जाहीर केलं. नोंद न केलेल्या बोटांनी सेफ उघडल्याच्या ३९ तक्रारी होत्या. अशाच एका सेफमधून मिळालेल्या बंदुकीमुळे १२ वर्षांचा मुलगा दगावला, असा दावा करणारा खटलाही दाखल झाला होता. २०२४ च्या सुरुवातीला बुलडॉगसह आणखी काही कंपन्यांच्या सेफ परत मागवल्या गेल्या.

त्या दुसऱ्या खेपेतली गडबड समजून घेण्यासारखी आहे. नवीन सेफमध्ये एकही बोट नोंदलेलं नसतं, तेव्हा ती कुठल्याही बोटाने उघडते. मालक बोट नोंदवतो, पण नोंदणी नीट पूर्ण होत नाही आणि सेफ त्याच सुरुवातीच्या मोडमध्ये राहते. मालक बोट लावून बघतो, दार उघडतं, म्हणजे काम झालं! प्रत्यक्षात ते कोणासाठीही उघडलं असतं. माझ्या मते हे डिझाइनच उलटं आहे. नोंद नसेल तर कुलूप बंदच राहायला हवं, आणि पहिल्यांदा उघडायला किल्ली आहेच की.

म्हणून टेस्ट उलटी करायची. सेफ रिकामी ठेवा आणि नोंद न केलेली बोटं लावा, स्वतःची आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचीही, प्रत्येक बोट अनेकदा. एकदाही उघडलं तर त्या लॉकवर भरवसा ठेवू नका. बॅटरी बदलल्यावर आणि रीसेट केल्यावर हे पुन्हा करायचं.

‘पण माझा फोन तर असं करत नाही!’ बरोबर. ॲपल टच आयडीबद्दल सांगतं की एका नोंदलेल्या बोटाशी अनोळखी बोट चुकून जुळण्याची शक्यता ५०,००० मध्ये एक आहे. शिवाय पाच वेळा चुकलं की फोन पासकोड मागतो. स्वस्त सेफच्या डब्यावर असा आकडा शोधून बघा.

बोटाशिवाय दुसरी कमजोरी आतल्या यंत्रणेत असते. अनेक स्वस्त सेफमध्ये बोल्ट अडवणारी पिन स्प्रिंगवर असते आणि सोलेनॉइड, म्हणजे छोटा विद्युतचुंबक, ती मागे ओढतो. जोराचा धक्का बसला तर पिन आपोआपही सरकू शकते. २०१२ च्या डेफ कॉन परिषदेत मार्क वेबर टोबायस आणि टोबी ब्लूझमॅनिस यांनी काही सेफ नुसत्या आपटून उघडून दाखवल्या होत्या. त्यामुळे सेफ भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की बसवणं महत्त्वाचं, चोर ती उचलून नेईल एवढ्याचसाठी नाही.

उलटा त्रासही होतो : ओलं किंवा कापलेलं बोट, संपलेली बॅटरी, आणि सेफ मालकालाच ओळखत नाही. एकच बोट दोनतीनदा नोंदवा, बॅटरी वेळेवर बदला, आणि आणीबाणीची किल्ली सेफच्या आत ठेवू नका. (लोक ठेवतात, खरंच!)

आपल्याकडे दागिन्यांसाठी ऑनलाइन घेतलेल्या छोट्या डिजिटल तिजोरीतही सोलेनॉइड आणि फिंगरप्रिंट सेन्सर असू शकतात. तिथेही हीच उलटी टेस्ट करा.

सेफ परत मागवलेल्या यादीत असेल तर आयोगाची सूचना सरळ आहे : फिंगरप्रिंट वापरणं थांबवा, बॅटरी काढा, फक्त किल्लीने बंद करा आणि कंपनीकडून मोफत बदली सेफ मागा. मॉडेल नंबर आयोगाच्या वेबसाइटवर तपासता येतो. बदली येईपर्यंत बंदूक रिकामी, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि किल्ली अंगावर.