सुटकेच्या तारखेचा हिशेब

बाहेरून आलेल्या माणसाला ठरावीक दिवस वेगळे ठेवायचे आणि मगच गावात घ्यायचे, असा सर्वांत जुना ज्ञात लेखी नियम एड्रियाटिक समुद्राच्या काठच्या रागुझा या व्यापारी शहराने 27 जुलै 1377 रोजी केला. हे शहर म्हणजे आजचे डुब्रोव्हनिक. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा त्सावतात गावी एक महिना काढायचा, असा तो ठराव होता. पुढे मुदत चाळीस दिवसांवर गेली आणि वेनिसच्या बोलीतल्या ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द रूढ झाला. चाळीसच का, याची दोन कारणे दिली जातात. तीव्र आजार चाळीस दिवसांच्या आत उघड होतो ही ग्रीक वैद्यकातली समजूत होती, आणि ख्रिस्ती उपासाचा काळही तेवढाच होता. प्लेगचा जंतू कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे सुटकेची तारीख रोगाच्या ज्ञानावरून ठरली असे म्हणता येत नाही. ती रूढीने ठरली, आणि गरजेपेक्षा बरीच लांब असल्यामुळे बहुतेक वेळा पुरी पडली.

वेनिसने 1423 साली एका बेटावर रोग्यांसाठी कायमची वास्तू उभारली आणि 1468 मध्ये संशयितांसाठी दुसरे बेट राखले. या वास्तूंना लाझारेतो म्हणत. प्रवाशावर पहारेकरी नेमलेला असे आणि त्याची मजुरी प्रवाशाच्याच खिशातून जाई. जेवणखाणही स्वतःच्या खर्चाने. पत्रांना चिरा पाडून ती धुराने शेकत आणि व्हिनेगरमध्ये बुडवत. मार्सेमध्ये माणसांनाही सोडण्यापूर्वी धुरी देत. भूमध्य समुद्रातल्या काही बंदरांत मुदत कमी करण्याची वाट होती. अंगावरचे सगळे कपडे टाकून द्यायचे, स्नान करायचे आणि गावातून आणवलेले नवे कपडे घालायचे. असे केले की काही दिवस वजा होत.

या व्यवस्थेतला सर्वांत कडक आणि सर्वांत शहाणा नियम मोजणीचा होता. एकत्र आलेल्यांची तुकडी एकत्रच राहायची आणि दुसऱ्या तुकडीशी तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. तसा स्पर्श झाला किंवा तुकडीत कोणी आजारी पडला, तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. पस्तीस दिवस काढलेल्या व्यापाऱ्याला काल आलेल्या खलाशाचा हात लागला, की त्याचे पस्तीसही दिवस बुडाले. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात माणसे एकमेकांपासून सर्वाधिक जपून राहत.

ब्रिटिश तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड याने हा अनुभव मुद्दाम घेतला. 1786 साली त्याने स्मिर्नाहून वेनिसला जाण्यासाठी संशयित जहाज निवडले आणि तिथल्या लाझारेतोत सुमारे सहा आठवडे काढले. खोलीच्या भिंती इतक्या घाण होत्या की त्याने त्यांना चुन्याची सफेदी करून घेतली आणि मगच त्याची तब्येत सुधारली. युरोपातील लाझारेतोंवरचे त्याचे पुस्तक 1789 मध्ये निघाले.

मुदतीशी खेळ केला तर काय होते, हे मार्सेने 1720 साली पाहिले. ग्रां-सेंत-आंत्वान हे जहाज पूर्वेकडून किमती कापड घेऊन मे महिन्यात तिथे पोचले. वाटेत जहाजावर माणसे मेली होती. तरी जत्रेचा हंगाम तोंडावर होता आणि माल वजनदार व्यापाऱ्यांचा होता. तो दूरच्या बेटावर न नेता शहरालगतच्या लाझारेतोत उतरवला गेला. त्यानंतरच्या प्लेगात शहरातील जवळपास निम्मी माणसे गेली.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि चाळीस दिवस परवडेनासे झाले. आगबोटीने मुंबईहून निघालेल्या हज यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरावे लागे. तिथे 1882 मध्ये तुर्की सरकारने ठाणे उघडले होते. कपडे वाफेवर निर्जंतुक करून घ्यायचे, शुल्क भरायचे आणि सुटका झाली की पुन्हा बोटीत चढायचे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा पुढच्या वर्षी मुंबईहून हजला जाणेच बंद करण्यात आले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारने मार्च 2020 मध्ये पुन्हा वापरला.

जंतूंचा शोध लागल्यावर मुदत रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या अवधीवर, ठरू लागली. चंद्रावरून परतलेल्या अपोलो 11 च्या अंतराळवीरांनाही तीन आठवडे वेगळे ठेवून 10 ऑगस्ट 1969 रोजी सोडले. चंद्रावरच्या जंतूंचा अधिशयन काळ अर्थातच कोणाला ठाऊक नव्हता. तिथे तारीख पुन्हा अंदाजानेच ठरली.

कोविडसाठी अनेक देशांनी चौदा दिवस धरले. ऑस्ट्रेलियाने 28 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला हॉटेलात ठेवले आणि न्यूझीलंडने एप्रिलमध्ये तेच केले. बंद पडलेल्या पर्यटनामुळे हॉटेले रिकामीच होती. खर्च पुन्हा प्रवाशावर आला: न्यू साउथ वेल्समध्ये जुलै 2020 पासून माणशी 3000 डॉलर, ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2021 पासून 1750 पौंड. मुंबईत मार्च 2020 मध्ये घरी विलग राहणाऱ्यांच्या हातावर शाईचा शिक्का मारला गेला आणि त्यात मुदत संपण्याची तारीख होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांसाठी संस्थात्मक विलगीकरण आले. पहिला आठवडा हॉटेलात स्वखर्चाने काढायचा, चाचणी निगेटिव्ह आली की उरलेले दिवस घरी.

न्यूझीलंडमध्ये साधारण तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी चाचणी होई. आगमनाचा दिवस शून्य धरत, त्यामुळे चौदा दिवस म्हणजे नेमके किती यावर प्रवाशांचा घोळ होई. त्याहून मोठा घोळ इमारतीत होता. हॉटेल पाहुण्यांसाठी बांधलेले असते. एकाच मजल्यावर आज उतरलेला आणि उद्या सुटणारा शेजारी राहतात, कॉरिडॉरची हवा दोघांची एकच. लाझारेतोतला तुकडीचा नियम इथे मोडला होता. जानेवारी 2021 मध्ये ऑकलंडच्या हॉटेलातून दोन निगेटिव्ह चाचण्यांनंतर सुटलेली एक प्रवासी पुढे बाधित निघाली. लागण मुक्कामाच्या अखेरीस हॉटेलातच झाली होती. त्यानंतर तिथे शेवटच्या चाचणीपासून सुटकेपर्यंत खोलीबाहेर पडण्यास बंदी आली. मे 2021 मध्ये अ‍ॅडलेडमध्येही एकाला शेजारच्या खोलीतून लागण झाली आणि तो सुटून मेलबर्नला पोचल्यावर ती उघड झाली. शेवटचे दिवस सर्वांत सुरक्षित, हा प्रवाशांचा समज होता. प्रत्यक्षात हॉटेलची रचना पाहता ते दिवस पहिल्या दिवसांइतकेच जोखमीचे होते, आणि चाचणी उरकल्यावर झालेली लागण कोणाच्या लक्षातही येत नव्हती.

लसीकरण वाढले तशा मुदती उतरल्या. न्यूझीलंडने नोव्हेंबर 2021 मध्ये चौदाचे सात दिवस केले. हाँगकाँगने एकेकाळी एकवीस दिवस लावले होते; ऑगस्ट 2022 मध्ये ते तीनवर आले आणि 26 सप्टेंबरला हॉटेलची सक्ती गेली. चीनने ती 8 जानेवारी 2023 रोजी उठवली. सिडनीच्या नॉर्थ हेडवर मात्र उलटा प्रवास आधीच होऊन गेला होता. तिथले विलगीकरण केंद्र दीडशे वर्षे चालून 1984 मध्ये बंद झाले. अडकून पडलेल्यांनी वालुकाश्मात कोरलेली जहाजांची नावे आणि तारखा तिथे आजही वाचता येतात, आणि त्याच्या इमारतींत आता हॉटेल चालते.