रूळ कोणासाठी? वर्ध्याचा कापूस आणि महासत्तांची चढाओढ

वर्धा स्थानकावर उतरून सावंगी (मेघे)कडे निघालेला प्रवासी बहुधा रुग्णालयात चाललेला असतो. विनोबांचे नाव धारण करणाऱ्या त्या रुग्णालयामुळे आज सावंगी सर्वांना ठाऊक आहे. पण तो ज्या स्थानकावर उतरला ते तिथे का आहे, आणि मुळात वर्धा हे शहर तरी तिथे का आहे, असा प्रश्न कोणाला पडत नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण वर्ध्यातून थेट लँकेशायरच्या गिरण्यांत आणि तिथून अमेरिकेच्या मिसिसिपी नदीकाठी जाऊन पोहोचतो.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. सुरुवातीला त्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा वस्तीच्या जागी नवे गाव आखण्यात आले आणि त्याला नदीचे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी, १८६७मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. जिल्हा, शहर आणि लोहमार्ग अशा तिन्ही गोष्टी पाच वर्षांत घडाव्यात, हा केवळ योगायोग नव्हता.

त्या काळी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वाटा, तीन चतुर्थांशांहूनही अधिक, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. आपल्या सर्वांत मोठ्या उद्योगाची नाडी परक्या देशाच्या हाती असावी, ही गोष्ट मँचेस्टरला सलत होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरकर भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते राज्य खालसा केले. कापूस पिकवणारा सलग काळ्या जमिनीचा पट्टा अशा रीतीने दोन वर्षांच्या आत इंग्रजांच्या हाती आला. १८५७मध्ये मँचेस्टरला कापूस पुरवठा संघ स्थापन झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडू लागल्या.

तोवर आपल्याकडचा कापूस बैलांच्या पाठीवर शेकडो मैल चालत एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. वाटेतली धूळ आणि पावसाचे पाणी त्याच्यात मिसळे. अमेरिकी कापसाशी टक्कर द्यायची तर रेल्वे हवी होती. रेल्वेचे भांडवल लंडनचे होते, पण त्यावरील ५ टक्के व्याजाची हमी हिंदुस्थान सरकारची होती. नफा कमी पडला तर तूट इथल्या करदात्याने भरायची. परकीय कर्जातून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांविषयी आज जे वाद होतात, त्यांचे मूळ रूप ते हेच.

तरी गंमत अशी की यादवी संपली १८६५मध्ये आणि गाडी नागपूरला आली १८६७मध्ये. चढे भाव ओसरले होते, मुंबईतला शेअरचा फुगा फुटला होता. रूळ मात्र कायमचे राहिले. पुढे १८७०मध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले, आणि त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंतही रूळ गेले.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस आयुक्त नेमले गेले होते. त्यांच्या अहवालातला हिशेब अगदी उघड आहे. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले तर इथले विणकर टिकणार नाहीत. मग जो कापूस इथेच सुतासाठी खर्च होतो तोही निर्यातीला मिळेल, आणि मोकळे झालेले हात शेतमजुरीला लागून पडीक जमीन लागवडीखाली येईल. म्हणजे रुळांनी केवळ माल वाहायचा नव्हता, तर गावातल्या माणसांचे धंदेही बदलायचे होते.

पण बाजार साहेबाच्या हिशेबानेही चालला नाही. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचा तलम धागा नावाजलेला होता. अमेरिकी कापूस परतल्यावर लँकेशायरची गरज घटली, आणि युरोपातले इतर देश व जपान आखूड धाग्याचा स्वस्त माल मागू लागले. भरड पण भरघोस पिकणाऱ्या ‘जरी’ने बनीला शेतातून हुसकले. जमशेदजी टाटांनी याच रुळांचा आणि याच कापसाचा उपयोग ओळखून १८७७च्या १ जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८९३मध्ये त्यांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीला हाताशी धरून मुंबई–कोबे वाहतुकीतली पी. अँड ओ. या इंग्रजी कंपनीची मक्तेदारी मोडण्याचा घाट घातला, तेव्हा त्या कंपनीने भाडे मातीमोल करून दाखवले.

चढाओढ टोकाला गेली १९३३मध्ये. स्वस्त जपानी कापडामुळे लँकेशायर आणि मुंबई दोघेही हैराण झाले होते. हिंदुस्थान सरकारने बिगरब्रिटिश कापडावरचा कर ७५ टक्क्यांवर नेला. जपानी गिरणीमालकांनी उत्तरादाखल हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. फटका बसला तो ज्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता त्या कास्तकाराला. १९३४च्या करारात अखेर सौदा ठरला: जपानने १५ लाख गाठी उचलल्या तर त्याला ४० कोटी वार कापड इथे विकता येईल. वाटाघाटीत आपला कापूस हुकमाचे पान होता, पण ते पान पिकवणाऱ्याच्या हातात नव्हते.

याच १९३४ साली गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्यांना इथे आणणारे जमनालाल बजाज स्वतः कापसाच्या व्यापारातले. विनोबांचा आश्रम तर १९२१पासूनच इथे होता. रिव्हेट-कार्नॅकच्या हिशेबात जे हात चरख्यावरून काढायचे होते, तेच हात पुन्हा चरख्यावर बसवण्याचा प्रयत्न त्याच स्थानकाच्या आसपास व्हावा, याला मी इतिहासाचे उत्तर म्हणेन. ते पुरेसे ठरले नाही, हेही मान्य करायला हवे. मात्र १९४२च्या जुलैमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव करण्यासाठी काँग्रेसचे पुढारी ज्या गाड्यांनी वर्ध्याला आले, त्या कापसासाठी टाकलेल्या रुळांवरूनच. रूळ टाकणाऱ्याचा हेतू आणि रुळांचा उपयोग यांत अंतर पडू शकते, आणि स्वातंत्र्याला जागा मिळते ती त्या अंतरातच.

काही गोष्टींत मात्र हेतू फार काळ पुरून उरला. आपल्याच जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी आणि यवतमाळची ‘शकुंतला’ या छोट्या गाड्या किलिक, निक्सनच्या कंपनीच्या होत्या. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही मालकी सुटून राहिली, आणि स्वतंत्र देशाची रेल्वे त्या मार्गांसाठी खासगी कंपनीला मोबदला देत राहिली.

आज जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, वर्धा–नांदेड लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा २०२४मध्ये सुरू झाला. जगातल्या बड्या सत्ता आशिया-आफ्रिकेत बंदरे आणि रस्ते बांधून देण्यासाठी एकमेकींवर चढ करत आहेत. त्यांच्याकडे पाहताना १८६७ची ती गाडी आठवावी. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लादला, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचा ११ टक्के आयातकर स्थगित केला. कापडगिरण्यांना दिलासा मिळाला. सावंगीच्या आसपासच्या शेतांत तेव्हा बोंडे धरत होती.

म्हणून नव्या रस्त्याचा दगड बसवताना त्यावर कोणाचे नाव आहे याहून अधिक महत्त्वाचे दोन प्रश्न विचारायला हवेत. तूट आली तर कोण भरणार? आणि भरलेली गाडी निघाल्यावर, पिकवणाऱ्याच्या पदरात काय उरणार? दीडशे वर्षांपूर्वी हे प्रश्न पालकवाडीच्या लोकांना कोणी विचारले नव्हते. आपल्याला ते विचारण्याची मुभा तरी आहे.