मोहाचे फूल आणि आबकारीचा मक्ता

ठाणे आणि कुलाबा या जुन्या जिल्ह्यांतील वारली, कातकरी आणि ठाकूर वस्त्यांत चैत्राच्या सुमारास मोहाखाली पहाटे पडलेली रसाळ फुले बायकामुले वेचून आणीत, ती उन्हात वाळवीत आणि घरातले धान्य संपल्यावर शिजवून खात. त्यांतलीच काही पाण्यात भिजवून आंबवली, मडके चुलीवर चढवले आणि वर येणारी वाफ नळीतून थंड भांड्यात उतरवली, की लग्नाला, देवकार्याला किंवा मर्तिकाला लागणारी दारू तयार होई. व्यसन तेव्हा नव्हतेच असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु पिण्याला फुलांच्या साठ्याची मर्यादा होती आणि दारूपायी कोणाच्या वहीत नाव चढत नव्हते.

1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने ही घडी विसकटली. आबकारी म्हणजे मूळ अर्थाने मद्य गाळण्याचा धंदा, आणि व्यवहारात त्या धंद्यावरील सरकारी कर. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने राबवलेल्या धोरणानुसार विखुरलेल्या लहान भट्ट्या बंद करून उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांतील दारू मक्तेदारांमार्फत गावोगावच्या गुत्त्यांत पोहोचवली जाऊ लागली, आणि ताडीसाठी छेदल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर बसला. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल हे या धोरणाचे जाहीर सूत्र होते. त्यातील महसुलाचा भाग सरकारने मनापासून पाळला. उरणची दारूही मोहाचीच असे, तरी घरची मोहाची दारू मात्र गुन्हा ठरली. तेवढ्याने चोरटे गाळप थांबेना, तेव्हा 1892 मध्ये याच दोन जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा करून फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले गेले, म्हणजे दारूच्या निमित्ताने टंचाईतल्या अन्नावरही पहारा बसला.

गुत्तेदार, ज्यांत पारशी बरेच होते, अनेकदा सावकार आणि जमीनदारही असत. दारू उधार मिळे, ती उधारी कर्जात मिळे, आणि कर्ज गवतकापणीच्या किंवा शेतातल्या राबणुकीतून फिटता फिटत नसे. या भागात दारूने केलेले सर्वांत मोठे नुकसान शरीराच्या नव्हे, तर जमिनीच्या आणि श्रमाच्या हिशेबात शोधावे लागते.

म्हणूनच 1922 मधील देवीच्या चळवळीला वेगळे महत्त्व आहे. पालघर किनाऱ्यावरील मच्छीमारांत सुरू झालेला देवीचा विधी डोंगराळ भागातून दक्षिण गुजरातेत पोहोचला, आणि अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशांकडे कामाला जाऊ नका, अशा आज्ञा निघू लागल्या. सुशिक्षितांच्या मद्यपाननिषेधक सभांना जे जमले नव्हते ते काही महिने तरी या अनामिक आज्ञांनी करून दाखवले, कारण त्यांत नीतीच्या उपदेशाबरोबर गुत्तेदाराच्या पकडीतून सुटण्याची वाटही होती.

स्वातंत्र्यानंतरच्या 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांच्या नियंत्रणाची तरतूद कायम राहिली. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू असून दारूविक्रीचे परवाने त्याच्याच आधाराने दिले जातात.